कोरा सेल आणि पूज्य: एका मॅक्रोने घातलेला घोळ



आपल्या मंडळाच्या कामात 'तुम्ही संगणकवाले ना, मग एवढं करून टाका' हे वाक्य ज्यांच्या वाट्याला नेहमी येतं, त्यांपैकी आम्ही तिघे. दिवसभर ऑफिसात कोड लिहायचा आणि शनिवार-रविवारी मंडळाच्या याद्या नीट करायच्या, असा आमचा दुहेरी संसार आहे. हा लेख म्हणजे आमच्याच हातून झालेल्या एका चुकीची हकिगत आणि त्या निमित्ताने केलेला थोडा अभ्यास. एक्सेलमध्ये घरखर्च, वर्गणी, भिशी, मराठी शाळेची हजेरी किंवा ऑफिसातले रिपोर्ट ठेवणाऱ्या सर्वांना तो उपयोगी पडेल असं वाटतं.

काय झालं होतं

आपल्या खजिनदार काकांची वर्गणीची वही पूर्वी खरोखरच वही होती. पुढे ती एक्सेलमध्ये आली, पण काकांची पद्धत तीच राहिली. एका ओळीत एक कुटुंब, आणि 'भरलेली रक्कम' असा एक स्तंभ. कुटुंबाची वर्गणी साठ डॉलर. पैसे आले की काका तिथे ६० लिहीत. आले नसतील तोवर जागा कोरी. त्या स्तंभात काही ठिकाणी शून्यही होतं. त्या शून्याबद्दल आम्ही कधी काही विचारलं नाही आणि काकांनी आपणहून काही सांगितलं नाही.

गणेशोत्सव तीन आठवड्यांवर आला आणि ठरलं की, ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांना आठवणीचं पत्र पाठवायचं. सव्वाशेच्या वर कुटुंबं. हाताने कोण शोधत बसणार? आम्ही एका संध्याकाळी छोटा मॅक्रो लिहिला. तो एकेक ओळ बघे, 'रक्कम बरोबर शून्य' असेल तर त्या कुटुंबाचं नाव आणि ई-मेल उचले आणि पत्र रवाना करी. पाठवण्याआधी आम्ही तीन ओळींवर चाचणीही घेतली. तिन्ही ठिकाणी जागा कोरी होती, तिन्ही पत्रं बरोबर तयार झाली. आम्ही खुशीत चहा प्यायलो आणि मॅक्रो सगळ्या यादीवर सोडला.

दोन दिवसांनी एक ताई मुलांना मराठी शाळेत सोडायला आल्या. त्यांनी काकांच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत साठ डॉलरचा चेक आणि एक चिठ्ठी होती: 'उशीर झाला, माफ करा.' त्यांच्या यजमानांची नोकरी पाच महिन्यांपूर्वी गेली होती. व्हिसाची मुदत, घराचं भाडं, सगळंच टांगणीला लागलेलं. हे फक्त काकांना माहीत होतं. त्यांनी त्या वर्षीची वर्गणी कुठेही बोभाटा न करता माफ केली होती आणि रकमेच्या जागी शून्य लिहिलं होतं. आमच्या मॅक्रोने त्यांना 'आपली वर्गणी थकली आहे' असं पत्र धाडलं होतं. अशी एकूण नऊ घरं निघाली. त्यांत एक आजी होत्या, ज्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते.

काका सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "अरे, ते पूज्य मी विचार करून घातलं होतं! कोरं म्हणजे मला अजून माहीत नाही. पूज्य म्हणजे मला माहीत आहे. एवढा फरक तुमच्या यंत्राला कळत नाही?"

यंत्राला कळतो. आम्ही तो विचारलाच नव्हता.

कोरं आणि पूज्य यांतला फरक

आपल्याकडे सरकारी कचेरीत काम केलेल्या मंडळींना 'निरंक' हा शब्द आठवत असेल. महिन्यात एकही प्रकरण नसलं तरी अहवाल पाठवावा लागतो, आणि त्यात 'निरंक' असं लिहावं लागतं. अहवालच आला नाही तर वरून विचारणा होते. 'काही नाही' असं कळवणं वेगळं आणि काहीच न कळवणं वेगळं. शाळेच्या निकालपत्रातही पेपराला बसून शून्य मिळवणारा आणि पेपरालाच गैरहजर असणारा यांची नोंद वेगळी होते.

शून्य ही संख्या आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथात तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, ते ती संख्या आहे म्हणूनच. कोरी जागा ही संख्या नाही. तिथे एखादा आकडा यायचा आहे, किंवा कधीच येणार नाही, किंवा लिहायचा राहून गेला आहे. ती 'माहिती नाही' अशी खूण आहे.

मराठी शाळेतलं उदाहरण घ्या. चार मुलं. तिघांना ८०, ७० आणि ९० गुण, चौथा आजारी म्हणून गैरहजर. त्याची जागा कोरी ठेवली तर एक्सेलचं सरासरीचं फंक्शन तिघांचीच सरासरी काढतं: ८०. तिथे शून्य भरलं तर भागाकार चाराने होतो आणि सरासरी ६० वर येते. मुलं तीच, पेपर तोच, आणि वर्ग मात्र वीस गुणांनी मागे पडलेला दिसतो. 'कोऱ्या जागा बऱ्या दिसत नाहीत' म्हणून त्यांत शून्य भरणारे मॅक्रो आम्ही ऑफिसातही पाहिले आहेत. ते निकाल बदलून टाकतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

दिसायला सारखे, आतून वेगळे

फंक्शनांची नावं पुढे उच्चाराप्रमाणे देत आहोत. प्रत्यक्ष मॅक्रोत ती इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहायची.

पडद्यावर रिकामा दिसणारा सेल पाच प्रकारचा असू शकतो.

१. खरोखर कोरा. त्यात कधी काही लिहिलं नाही, किंवा लिहून डिलीट केलं. व्हीबीएच्या भाषेत याची किंमत 'एम्प्टी'. 'इझएम्प्टी' हे फंक्शन फक्त यालाच 'हो' म्हणतं.

२. रिकामा मजकूर देणारं सूत्र. 'पैसे आले नसतील तर काहीही दाखवू नकोस' असं सूत्र आपण लिहितो, म्हणजे दोन अवतरणचिन्हं आणि मधे काही नाही. सेल रिकामा दिसतो, पण आत सूत्र आहे. 'इझएम्प्टी' इथे 'नाही' म्हणतं.

३. नुसती स्पेस. कुणीतरी जुना आकडा पुसायला स्पेसबार दाबलेला असतो. हा सेल कोराही नाही आणि रिकामा मजकूरही नाही. त्यात एक अक्षर आहे, फक्त ते दिसत नाही. वेबपानावरून यादी चिकटवली असेल तर आणखी एक गंमत: तिथली स्पेस बऱ्याचदा वेगळ्या जातीची असते, तिचा क्रमांक १६०. 'ट्रिम' साध्या स्पेस काढतं, ही काढत नाही. ती आधी 'रिप्लेस'ने बदलून घ्यावी लागते.

४. लपवलेलं शून्य. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये शून्य न दाखवण्याची सोय आहे, आणि नंबर फॉरमॅट बदलूनही शून्य लपवता येतं. अकाउंटिंग फॉरमॅटमध्ये तर शून्याच्या जागी आडवी रेघ दिसते. आत मात्र शून्यच असतं.

५. पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर. हसू नका. छापताना दिसू नये म्हणून असं करणारे आहेत.

उलट बाजूही आहे. शून्य दिसतं, पण मुळात कोरं असतं. एका सेलमध्ये 'शेजारच्या सेलइतकं' असं साधं सूत्र लिहिलं आणि शेजारचा सेल कोरा असला, तर उत्तर शून्य येतं. व्हीलुकअपने दुसऱ्या यादीतून कोरा सेल उचलून आणला तरी तेच. म्हणजे एका पानावरची 'माहिती नाही' दुसऱ्या पानावर जाताना 'शून्य' होऊन बसते. तारखांमध्ये हे चटकन लक्षात येतं, कारण तिथे १९०० सालच्या जानेवारीची शून्य तारीख उमटते. आमच्या बालविभागाच्या यादीत ज्या मुलांची जन्मतारीख भरली नव्हती, ती वयाच्या सूत्राने शंभरी ओलांडलेली निघाली! तारखेच्या बाबतीत चूक हास्यास्पद होते म्हणून सापडते. पैशांच्या बाबतीत शून्य अगदी साधंसुधं दिसतं, म्हणून सापडत नाही.

मॅक्रोतले सापळे

आता आमच्या चुकीकडे येऊ. व्हीबीएमध्ये कोऱ्या सेलची शून्याशी तुलना केली तर उत्तर 'खरं' येतं. त्याच सेलची रिकाम्या मजकुराशी तुलना केली तरी उत्तर 'खरं'च येतं. समोर आकडा आला तर 'एम्प्टी' आकड्यासारखं वागतं, मजकूर आला तर मजकुरासारखं. म्हणूनच आमची चाचणी पास झाली. आम्ही विचारलं, 'शून्य आहे का?' तीन कोऱ्या सेलनी 'हो' म्हटलं आणि आम्ही खूश. खरं शून्य असलेल्या ओळीवर चाचणी घेतली असती, तर चूक तिथेच पकडली गेली असती.

दुसरा सापळा 'इझन्यूमेरिक'चा. 'आकडा असेल तरच पुढे जा' असं लिहिलं की आपण निर्धास्त होतो. पण कोऱ्या सेललाही हे फंक्शन 'हो, आकडा आहे' असं सांगतं, कारण कोऱ्याचं शून्य करता येतं. म्हणून 'इझएम्प्टी'चा प्रश्न नेहमी आधी आणि 'इझन्यूमेरिक'चा नंतर.

तिसरा सापळा व्हेरिएबलच्या प्रकाराचा. सेलची किंमत 'डबल' किंवा 'लाँग' प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेतली की कोऱ्याचं शून्य त्याच क्षणी होतं. नंतर कितीही तपासलं तरी आधी काय होतं ते कळायला मार्ग नाही. आणि सेलमध्ये रिकामा मजकूर असला तर मॅक्रो 'टाइप मिसमॅच' म्हणून, तेरा नंबरची चूक दाखवून थांबतो. गंमत बघा: थांबणारा मॅक्रो त्रास देतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, आणि न थांबता चुकीचं शून्य घेऊन पुढे जाणाऱ्याला शहाणा म्हणतो. किंमत आधी 'व्हेरियंट' प्रकारात घ्या, तपासा, मगच आकडी व्हेरिएबलमध्ये टाका.

चौथा, 'व्हॅल' फंक्शनचा. तेरा नंबरची चूक टाळायला काहीजण प्रत्येक किंमत 'व्हॅल'मधून काढतात. ते सहसा कुरकुरत नाही, हाच त्याचा दोष. रिकाम्या मजकुराचं शून्य करतं, 'माफ' या शब्दाचंही शून्य करतं, डॉलरचं चिन्ह पुढे असलेल्या मजकुराचंही शून्य. स्वल्पविराम दिसला की तिथेच थांबतं, त्यामुळे मजकूर म्हणून लिहिलेल्या १,२०० चा १ होतो.

पाचवा, 'अँड'चा. 'आकडा असेल आणि शून्याहून मोठा असेल' अशी अट एका ओळीत लिहिली तर व्हीबीए दोन्ही भाग तपासतं. पहिला भाग खोटा निघाला तरी दुसरा सोडत नाही. सी किंवा जावाची सवय असलेले आमच्यासारखे लोक इथे हमखास फसतात. अटी एकाखाली एक, एकात एक लिहाव्यात.

सहावा, शेवटची ओळ शोधण्याचा. पहिल्या ओळीपासून 'एंड' आणि 'एक्सएलडाउन' वापरून खाली गेलं की पहिल्या कोऱ्या सेलपाशी गाडी थांबते आणि खालची कुटुंबं यादीतून गळतात. पानाच्या तळापासून 'एक्सएलअप'ने वर यावं, आणि तेही कुटुंबाच्या नावाच्या स्तंभातून, कारण तो कधी कोरा नसतो. तळाचा क्रमांक स्वतः लिहू नका. एक्सेल २००३ पर्यंत एका पानावर ६५,५३६ ओळी होत्या, २००७ पासून १०,४८,५७६ झाल्या. 'रोज डॉट काउंट' लिहिलं की आवृत्ती कोणतीही असो, अडचण येत नाही.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. तिथल्या स्क्रिप्टमध्ये कोऱ्या सेलची किंमत रिकामा मजकूर म्हणून येते, आणि दोन बरोबरचिन्हांनी तिची शून्याशी तुलना केली तर उत्तर 'खरं'च येतं. तिथे तीन बरोबरचिन्हं वापरावीत.

दुरुस्त केलेला मॅक्रो

आता आमचा मॅक्रो प्रत्येक ओळीला पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारतो. 'इफ' आणि त्याखाली 'एल्सइफ' अशी शिडी आहे, त्यामुळे वरच्या पायरीवर उत्तर मिळालं की खालचे प्रश्न विचारले जात नाहीत.

१. सेलमध्ये एक्सेलची चूक आहे का? 'इझएरर' वापरायचं. हो, तर 'तपासा' गटात. हा प्रश्न पहिला, कारण चूक असलेल्या सेलची कशाशीही तुलना केली तर मॅक्रो बंद पडतो.

२. सेल खरोखर कोरा आहे का? 'इझएम्प्टी'. हो, तर 'बाकी' गटात.

३. मजकूर आहे का? 'टाइपनेम' फंक्शनने 'स्ट्रिंग' असं उत्तर दिलं तर मजकूर. १६० क्रमांकाची स्पेस बदलायची, 'ट्रिम' करायचं, आणि उरलेली लांबी शून्य असेल तर 'बाकी' गटात. काही अक्षरं उरली, जसं 'चेक पाठवला' किंवा 'काकांना विचारा', तर 'तपासा' गटात. इथे मॅक्रोने अंदाज बांधायचा नाही.

४. आकडा आहे आणि बरोबर शून्य आहे का? 'माफ' गटात. यांना काहीही जाणार नाही.

५. आकडा शून्याहून मोठा आहे का? 'भरली' गटात.

६. यांपैकी काहीच नाही? 'तपासा' गटात.

शेवटी ताळा. चारही गटांची बेरीज एकूण कुटुंबांइतकी आली पाहिजे. आली नाही तर मॅक्रो पुढे जात नाही. आणि पत्रं थेट रवाना होत नाहीत. आधी 'बाकी' गटाची यादी वेगळ्या पानावर उमटते, ती काका डोळ्यांखालून घालतात, मगच पत्रं जातात. पाच मिनिटं जास्त लागतात. ती लागू द्यावीत.

चाचणीसाठी एक छोटी फाइल कायमची करून ठेवली आहे. तिच्यात सात ओळी: खरा कोरा, शून्य, स्पेस, रिकाम्या मजकुराचं सूत्र, एक शब्द, एक चूक आणि साठ. मॅक्रोत काहीही बदल केला की आधी या सातांवर चालवून बघायचा. आणखी एक: मॅक्रोने केलेले बदल 'अनडू'ने परत घेता येत नाहीत. चालवण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

भरतानाच काळजी घ्यावी

खरं सांगायचं तर मॅक्रो ही नंतरची गोष्ट. मूळ घोळ एकाच स्तंभात दोन गोष्टी ठेवल्याने झाला होता. आता 'स्थिती' असा वेगळा स्तंभ आहे आणि त्यात बाकी, भरली, माफ या तीनच शब्दांतून निवड करता येते. 'डेटा व्हॅलिडेशन'ने ती यादी सेलला जोडता येते. 'माफ' हा शब्द सर्वांना दिसू नये म्हणून ती फाइल काकांकडेच असते, आणि आमच्याकडे फक्त ज्यांना पत्र पाठवायचं त्यांचीच नावं येतात. वर्गणी कुणाची माफ झाली हे आम्हाला कळण्याचं कारणच नाही.

हे सगळं पैशांपुरतं नाही, हे आम्हाला पुढच्या उन्हाळी शिबिराच्या वेळी कळलं. मुलांच्या नावपट्ट्या छापायच्या होत्या आणि यादीत 'अ‍ॅलर्जी' असा स्तंभ होता. आमच्यातल्या एकाने लिहिलेला मॅक्रो कोऱ्या जागी 'अ‍ॅलर्जी नाही' असं छापणार होता. या वेळी आम्ही थांबलो. ज्यांची जागा कोरी होती त्या प्रत्येक घरी फोन केला. त्यांतल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी होती. आईने फॉर्म भरताना तो रकाना नंतर भरू म्हणून सोडला होता. शिबिरात दुपारी साबुदाण्याची खिचडी होती. दाण्याचं कूट आपल्याकडे किती ठिकाणी असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या ताईंना आम्ही तिघेही घरी जाऊन भेटलो आणि माफी मागितली. काकांनी चेक परत केला होता, तो त्यांनी आधी घेतला नाही, मग घेतला. पुढच्या वर्षी यजमानांना नोकरी मिळाल्यावर त्यांनी दोन वर्षांची वर्गणी एकदम भरली. काकांनी मागच्या वर्षीच्या ओळीतलं पूज्य मात्र खोडलं नाही. त्या वर्षीचं ते खरं होतं, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा आपापल्या फायली एकदा उघडून बघा. जिथे कोरं आहे तिथे खरोखर 'माहीत नाही' असंच म्हणायचं आहे का, आणि जिथे शून्य आहे तिथे ते कुणी विचार करून घातलं आहे का, एवढे दोन प्रश्न विचारा. मॅक्रो लिहिताना कुठे अडलं तर मराठी शाळेच्या दिवशी चहाच्या टेबलापाशी आम्ही असतोच.

चूकभूल द्यावी घ्यावी.